गेममधील पात्रे खरोखर किती वेगाने धावतात? मापपट्टी कोणती धरावी, याविषयी चर्चा

यवतेश्वर (सातारा), धागाकर्ता

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलेला माझा भाचा, सॉनिक हे व्हिडिओ गेममधील पात्र ध्वनीपेक्षा वेगाने धावते, असे ठामपणे सांगत होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे "मामा, मोजून दाखव" असा त्याचा आग्रह सुरू झाला. सॉनिककडे वळण्याआधी आम्ही सोपे उदाहरण घ्यावे असे ठरवले आणि १९८५ साली आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्सपासून सुरुवात केली. त्या एका गेममध्येच मी असा अडकलो की हा धागा काढावा लागला.

मोजणी अवघड नाही. त्या गेमचे चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २४० पिक्सेल उंच असते, आणि मूळ यंत्रावर ते सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने काढले जाते. संगणकावर एकेक फ्रेम, म्हणजे असे एकेक चित्र, पुढे सरकवत पाहिले असता, धावण्याचे बटण दाबून पूर्ण वेगात आलेला मारिओ दोन फ्रेममध्ये ५ पिक्सेल पुढे जातो, म्हणजे दर फ्रेमला २.५ पिक्सेल. याचा अर्थ सेकंदाला १५० पिक्सेल. इथपर्यंत कुणाचे दुमत होण्याचे कारण नाही, कारण आपण केवळ मोजत आहोत.

प्रश्न पुढे येतो. पिक्सेलचे मीटर कसे करायचे? मशरूम खाऊन मोठा झालेला मारिओ ३२ पिक्सेल उंच आहे. तो १.६ मीटर उंचीचा माणूस आहे असे धरले, तर १ पिक्सेल म्हणजे ५ सेंटीमीटर होतात आणि त्याची चाल सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर निघते. परंतु लहान मारिओ हाच मूळचा पूर्ण वाढलेला माणूस असून मशरूममुळे तो दुप्पट होतो, असे भाच्याचे म्हणणे आहे आणि ते मला खोडून काढता आले नाही. लहान मारिओ १६ पिक्सेलचा. त्या हिशेबाने १ पिक्सेल १० सेंटीमीटरचा होतो आणि चाल ताशी ५४ किलोमीटर. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावताना गाठलेली कमाल चाल ताशी सुमारे ४४ किलोमीटर होती. एकाच चित्रफितीवरून मारिओ बोल्टच्या पुष्कळ मागेही पडतो आणि पुढेही जातो, आणि दोन्ही वेळा गणितात चूक कुठेच नसते.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की मापपट्टी कशावरून ठरवावी, हे कृपया उदाहरणासह सांगावे. आकडे सर्वांसमोर असावेत, म्हणजे ते तपासता येतील.

कृष्णाकाठ (सांगली)

यवतेश्वर सर, विषय मनापासून आवडला. मी गणपती पेठेत तीस वर्षे टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले, त्यामुळे गेमपेक्षा पडद्याविषयी मला दोन गोष्टी अधिकाराने सांगता येतील.

पहिली गोष्ट अशी की त्या यंत्राचा पिक्सेल चौरस नसतो. २५६ पिक्सेलची ओळ जुन्या टीव्हीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीवर पसरत असे, त्यामुळे अमेरिका आणि जपान येथील पद्धतीच्या टीव्हीवर प्रत्येक पिक्सेल उंचीच्या मानाने ८:७ या प्रमाणात रुंद दिसत असे. संगणकावर तो चौरस दिसतो, कारण तिथे कुणी ताणत नाही. आपण मापपट्टी उंचीवरून काढली आहे आणि अंतर मात्र आडवे मोजले आहे, म्हणून आडव्या अंतराला ८/७ ने गुणले पाहिजे. तुमचे सेकंदाला ७.५ मीटर त्यामुळे ८.६ मीटर होतात, म्हणजे ताशी सुमारे ३१ किलोमीटर. हा फरक किरकोळ समजू नये, तो चौदा टक्क्यांचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. भारतातील टीव्ही पाल पद्धतीचे होते आणि त्यात सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा चित्र येत असे. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत पोहोचलेले कॅसेटचे व्हिडिओ गेम याच टीव्हींसाठी बनवलेले होते. गेम मात्र वेळ फ्रेमवर मोजतो. दर फ्रेमला २.५ पिक्सेल ही गोष्ट तशीच राहिली आणि फ्रेमच कमी झाल्या, म्हणजे सेकंदाला १५० ऐवजी १२५ पिक्सेल. सांगलीत आम्ही ज्या मारिओला धावताना पाहिले, तो जपानमधल्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने हळू धावत होता, असे यावरून म्हणावे लागते. संगीतही तितकेच संथ वाजत असे, आणि ज्यांनी ते लहानपणी ऐकले आहे त्यांना मूळ चालीतले संगीत आज घाईचे वाटते.

म्हणून "मारिओची चाल" असे म्हणताना तो कोणत्या टीव्हीवरचा, हेही लिहावे.

माणदेशी (दहिवडी)

मी मैदानावरची आहे, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून धावण्याचा सराव करून घेते. गेम मी खेळत नाही, पण धावणाऱ्याचा वेग त्याच्या पावलांवरून ओळखण्याची सवय आहे, म्हणून मापपट्टीसाठी वेगळी वाट सुचवते.

चाल म्हणजे पावलाची लांबी गुणिले सेकंदाला पडणारी पावले. बोल्टने बर्लिनच्या शर्यतीत १०० मीटरला ४१ पावले टाकली. पाऊल सरासरी २.४४ मीटरचे आणि सेकंदाला सव्वाचार पावले. माणूस कितीही तयारीचा असला तरी पावलांची ही गती फार वाढू शकत नाही, आणि वेगात जो फरक पडतो तो बहुतांशी पावलाच्या लांबीने पडतो. ज्या गेममध्ये पात्राचे पाऊल जमिनीवर टेकलेले दिसते आणि सरकत नाही, तिथे पावले मोजली की पात्राच्या चालीबद्दल स्वतंत्र पुरावा हाती येतो. मारिओच्या बाबतीत ही वाट उपयोगाची नाही, कारण धावण्याची तीनच चित्रे फिरत राहतात आणि पाय जमिनीवरून घसरत जातात.

प्राण्यांच्या चालीचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये याच धर्तीवर डायनासोरच्या ठशांवरून त्यांची चाल काढण्याचे सूत्र मांडले. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधील अंतर आणि कमरेची उंची यांच्या गुणोत्तरावरून प्राणी चालत होता की धावत होता, हे कळते. त्या सूत्रात गुरुत्वत्वरणही येते, कारण चालणे म्हणजे प्रत्येक पावलाला शरीर थोडे वर उचलून पुढे पडू देणे. कमरेपर्यंत पाय ८० सेंटीमीटरचा असेल, तर पृथ्वीवर सेकंदाला सुमारे २ मीटरनंतर माणूस आपोआप पळू लागतो. सरांच्या मापाने मारिओचे साधे चालणे किती होते, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट आमच्या माण तालुक्याची. मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पूर्ण केली आणि त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ही सरासरी चाल सेकंदाला सुमारे ५.४ मीटर होते, म्हणजे ताशी १९ किलोमीटरच्या थोडे वर, आणि तीही २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या पार करत. प्रत्येक अडथळ्यापाशी पाय रोवताना वेग मोडतो आणि तो पुन्हा कमवावा लागतो. मारिओ उडी मारताना काहीच गमावत नाही, उलट धावत असला तर अधिक उंच जातो. त्याची आडवी चाल माणसाच्या आवाक्यातली निघते, हे मला पटते. उडीचा हिशेब मात्र कुणीतरी करावा, असे मला वाटते.

यवतेश्वर (सातारा), धागाकर्ता

माणदेशी ताई, तुमच्या प्रतिसादामुळे दोन रात्री जागलो आणि त्याचे चीज झाले.

आधी चालण्याचे सांगतो. धावण्याचे बटण न दाबता मारिओ दर फ्रेमला १.५ पिक्सेल जातो, म्हणजे ५ सेंटीमीटरच्या पिक्सेलने सेकंदाला साडेचार मीटर, आणि कृष्णाकाठ यांची दुरुस्ती धरून पाच मीटरच्या वर. ललिताताई ऑलिम्पिकमध्ये ज्या गतीने धावल्या, जवळजवळ त्या गतीने हा गृहस्थ चालतो. पृथ्वीवर हे चालणे होऊच शकत नाही.

आता उडी. जागेवरून उडीचे बटण दाबून धरत मारलेली उडी ६४ पिक्सेल उंच जाते आणि वर पोहोचायला ३२ फ्रेम लागतात. वर जाताना त्याची गती दर फ्रेमला ०.१२५ पिक्सेलने कमी होत जाते. खाली येताना मात्र ती दर फ्रेमला ०.४३७५ पिक्सेलने वाढते. एकाच उडीत दोन गुरुत्वत्वरणे आहेत आणि उतरतानाचे साडेतीन पट आहे. मुक्त पतनाच्या धड्यात आपण शिकवतो की चेंडू वर जायला जितका वेळ लागतो तितकाच खाली यायला लागतो. इथे तो नियमच नाही.

५ सेंटीमीटरच्या पिक्सेलने वर जातानाचे त्वरण २२.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे पृथ्वीच्या ९.८ च्या २.३ पट, आणि उतरतानाचे ७८.७५, म्हणजे आठ पट. उडी ३.२ मीटर. हाविएर सोतोमायोर यांचा १९९३ पासूनचा उंच उडीचा विक्रम २.४५ मीटरचा आहे, आणि त्यात त्यांचे शरीर उभ्या स्थितीतल्या उंचीपासून मोजले तर त्यापेक्षा पुष्कळ कमी वर गेलेले असते.

मग मी उलटा विचार केला. उंचीचे गृहीतक सोडून गुरुत्वाकर्षणच मापपट्टी मानले तर? अँग्री बर्ड्स या पक्षी फेकण्याच्या गेमबाबत अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऱ्हेट अॅलेन यांनी २०१० मध्ये असेच केले होते. त्या गेममध्ये पक्ष्याची आडवी गती कायम राहते आणि उभे त्वरण वर जाताना व खाली येताना एकच असते, म्हणून त्याला ९.८ मानता येते. त्यावरून लाल पक्षी सुमारे ७० सेंटीमीटर उंच असल्याचे निघाले. पद्धत निर्दोष आहे. तीच मारिओला लावली तर वर जाताना तो ७० सेंटीमीटरचा आणि उतरताना २० सेंटीमीटरचा ठरतो. त्यानुसार धावण्याची चाल एकदा ताशी १२ किलोमीटर येते आणि एकदा साडेतीन किलोमीटरहून कमी. माझ्या वहीत आता ताशी साडेतीनपासून चौपन्न किलोमीटरपर्यंतची उत्तरे एकाखाली एक लिहिलेली आहेत.

शेरी लिंब (लिंब, ता. सातारा)

सर, एक शंका विचारतो. गुरुत्व आठ पट असेल, तर उंचावरून पडताना मारिओ दगडापेक्षा कितीतरी आधी खाली पोहोचायला हवा. आमच्या गावची बारा मोटेची विहीर, जी शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली, सुमारे ११० फूट खोल आहे. ती पूर्ण कोरडी आहे असे समजून काठावरून पडणारा दगड आणि मारिओ यांची तुलना करून दाखवता येईल का? विहीर वारशाची आहे, प्रत्यक्ष दगड कुणी टाकू नये, हिशेब कागदावरच व्हावा.

यवतेश्वर (सातारा), धागाकर्ता

शंका फार चांगली आहे, आणि उत्तर मला अपेक्षित नव्हते ते निघाले.

११० फूट म्हणजे ३३.५ मीटर. हवेचा विरोध सोडला तर दगडाला तळ गाठायला २.६ सेकंद लागतात आणि शेवटी त्याची चाल सेकंदाला २५.६ मीटर, म्हणजे ताशी ९२ किलोमीटर असते. मारिओचे त्वरण आठ पट आहे हे खरे, पण गेममध्ये पडण्याच्या गतीला दर फ्रेमला सुमारे ४ पिक्सेलची मर्यादा घातलेली आहे. आमच्या मापाने ती सेकंदाला १२ मीटर होते. ही गती तो पहिल्या सहाव्या हिस्सा सेकंदातच गाठतो आणि उरलेली सगळी विहीर त्याच गतीने उतरतो. एकूण वेळ जवळजवळ २.९ सेकंद. आठ पट गुरुत्व असूनही मारिओ दगडाच्या मागाहून तळाशी पोहोचेल.

खऱ्या हवेतही पडण्याला अंतिम गती असते. हातपाय पसरून विमानातून उडी घेणाऱ्या माणसाची ती सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास असते. १२ मीटरला अडकण्यासाठी मारिओच्या जगातील हवा तरी फार दाट हवी किंवा मारिओ तरी फार हलका हवा, आणि इतक्या दाट हवेत तो आडवा इतक्या सहज धावू शकला नसता. म्हणून खरे भौतिकशास्त्र तिथे एका वेळी एकाच प्रश्नाला लावता येते. दोन प्रश्नांना एकदम लावले की उत्तरे एकमेकांशी भांडतात.

विश्रामबाग (सांगली)

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि गेम तयार करण्याचा छंद आहे, म्हणून आतल्या बाजूने थोडे लिहितो. उडीची दोन त्वरणे मुद्दाम ठेवलेली असतात. बटण दाबून धरले की हलके त्वरण लागते आणि सोडले की जड, त्यामुळे उडी किती उंच जावी हे खेळणाऱ्याच्या बोटावर राहते. खऱ्या ९.८ ने बनवलेली उडी मी स्वतः करून पाहिली आहे. ती हातात तरंगल्यासारखी लागते आणि पात्र आपले ऐकत नाही असे वाटत राहते.

सॉनिकचा हिशेब माझ्याकडे आहे. १९९१ च्या पहिल्या गेममध्ये सपाट जमिनीवर स्वतःच्या बळावर धावताना त्याची कमाल गती दर फ्रेमला ६ पिक्सेल आहे, म्हणजे सेकंदाला ३६०. त्याची अधिकृत उंची १ मीटर सांगितली जाते आणि पडद्यावर तो सुमारे ४० पिक्सेल उंच असतो. १ पिक्सेल अडीच सेंटीमीटरचा. चाल सेकंदाला ९ मीटर, ताशी ३२ किलोमीटर. ही गती गाठायला त्याला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्याचे गुरुत्वत्वरण दर फ्रेमला ०.२१८७५ पिक्सेल आहे आणि तेही मीटरमध्ये १९.७ येते, म्हणजे पृथ्वीच्या बरोबर दुप्पट, आणि वर जाताना व खाली येताना एकच. उतारावर गुंडाळी करून घरंगळताना तो ६ च्या पुढे जातो, पण पडदा स्वतःच दर फ्रेमला १६ पिक्सेलपेक्षा जास्त सरकू शकत नाही. यापुढे गेला तर तो दिसेनासा होईल. ती गती धरली तरी ताशी ८६ किलोमीटरच होतात. ध्वनी फार दूर राहिला.

१९९३ च्या डूम या गेममध्ये मापपट्टीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे वेळेचे ३५ ठोके सेकंदाला पडतात. धावताना प्रत्येक ठोक्याला गतीत ठरावीक भर पडते आणि लगेच घर्षण म्हणून ती ०.९०६२५ ने गुणली जाते. भर आणि घट जिथे सारखी होते ती कमाल गती, सेकंदाला सुमारे ५८३ एकके. नायक ५६ एकके उंच आहे. तो १.८ मीटरचा मानला तर ताशी ६७ किलोमीटर येतात. पण कृष्णाकाठ काकांनी सांगितलेली गोष्ट इथेही आहे. तो गेम ३२० बाय २०० चे चित्र ४:३ च्या पडद्यावर ताणून दाखवत असे, म्हणून उभी मापे १.२ पट दिसतात. तसे धरले की ताशी ५६ किलोमीटर.

आजच्या गेममध्ये हा वाद मिटला आहे. गेम बनवण्याच्या अनरियल इंजिन या सॉफ्टवेअरमध्ये १ एकक म्हणजे १ सेंटीमीटर असे ठरलेलेच असते आणि गुरुत्वत्वरण मुळात ९८० दिलेले असते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गेम त्याच इंजिनवर आहे. त्यातील एरँगेल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर १ किलोमीटरचे चौकोन आखलेले दिसतात. मी हातात शस्त्र न घेता सपाट भागातून एक चौकोन सरळ पार केला, तीन वेळा, प्रत्येक वेळी १६० सेकंदांच्या आसपास लागले. म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर, ताशी २२.५ किलोमीटर. इथे उंचीचे गृहीतक घ्यावेच लागले नाही.

माणदेशी (दहिवडी)

विश्रामबाग, तुमचा आकडा मी आमच्या मैदानाला लावला. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटरसाठी पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. सव्वासहा मीटरच्या चालीने हे अंतर ४ मिनिटे १६ सेकंदांत होते. चाल अशक्य नाही, पण तुमचे पात्र पाठीवर पिशवी घेऊन ती न दमता दिवसभर टिकवते. माझी मुले तिसऱ्या फेरीला जड होतात, आणि चौथ्या फेरीत कोण किती टिकवतो यावरच त्यांचे गुण ठरतात. केवळ कमाल चाल पाहून खरे-खोटे ठरवू नये, ती किती वेळ टिकते हेही प्रत्येक गेमपुढे लिहावे, अशी सूचना करते.

यवतेश्वर (सातारा), धागाकर्ता

ताईंची सूचना वहीत नोंदवली आहे. सर्वांच्या आकड्यांवरून मी आता मोजण्याची एक रीत ठरवली आहे, ती तपासावी.

मीटर मागाहून आणायचे. आधी चाल पात्राच्या स्वतःच्या उंचीत सांगायची, म्हणजे सेकंदाला स्वतःच्या किती उंच्या. यात कोणतेही गृहीतक लागत नाही, फक्त पिक्सेलच्या आकाराची दुरुस्ती लागते. मोठा मारिओ सेकंदाला ५.४ उंच्या जातो. सॉनिकच्या यंत्रावरचा पिक्सेल उलट किंचित अरुंद आहे, ती दुरुस्ती धरून तो ८.२. डूमचा नायक ८.७. बीजीएमआयचे पात्र १.८ मीटरचे धरले तर साडेतीन. बोल्ट १.९५ मीटर उंच आहे आणि कमाल चालीला सेकंदाला ६.३ उंच्या जातो. या रांगेत मारिओ माणसांत बसतो, सॉनिक आणि डूमचा नायक माणसांच्या बाहेर जातात, आणि उंचीबद्दल कुणाचे काहीही मत असले तरी हा क्रम बदलत नाही. भाच्याचे लहान मारिओचे म्हणणेही यात सामावते. लहान मारिओ त्याच वेगाने धावतो आणि उंचीने निम्मा आहे, म्हणून तो सेकंदाला १०.७ उंच्या जातो, सॉनिकपेक्षाही जास्त.

उत्तरात चूक किती असू शकते, याचा अंदाजही यात नीट करता येतो. अडीच सेकंदांच्या मोजणीत एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो. मारिओची उंची १६० ऐवजी १७० सेंटीमीटर धरली तर सहा टक्के. म्हणून उत्तराच्या पुढे दशांश वाढवत नेण्यात अर्थ नाही. "ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, उंची १.६ मीटर धरून" एवढेच म्हणता येते आणि गृहीतकाचे शब्द वगळू नयेत.

भाच्याला ध्वनीचे उत्तर असे दिले. साताऱ्यात थंडीच्या पहाटे १५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो, मे महिन्यात ३८ अंशांना तो ३५४ होतो. कमी धरून ३४० घेतले, तरी सेकंदाला ८.२ उंच्या जाणाऱ्या सॉनिकने ध्वनीला गाठण्यासाठी ४१ मीटर उंच असायला हवे. लिंबच्या विहिरीत तो उभा राहिला तर डोके काठाच्या बरेच वर येईल. भाचा यावर बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने स्वतः वही घेऊन भागाकार करून पाहिला.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, तुमची उंच्यांची रीत वाचून मी माळ्यावरचा २१ इंची टीव्ही आणि कॅसेटचा गेम काढला. दोन्ही चालू झाले. टेप घेऊन काचेवरच मोजले आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातील एक विधान मला दुरुस्त करावे लागत आहे.

विटांचा एक ठोकळा गेममध्ये १६ बाय १६ पिक्सेलचा असतो. माझ्या पडद्यावर तो आडवा २३ मिलिमीटर आणि उभा १७ मिलिमीटर भरला. मोठा मारिओ ३४ मिलिमीटर. पाल टीव्हीत ओळी जास्त असतात आणि गेम तेवढ्या भरत नाही, म्हणून चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि सगळे चित्र उभ्या दिशेने दबते. मारिओ पूर्ण वेगात आल्यावर त्याने २० ठोकळे पार करायला किती वेळ लागतो, हे दहा वेळा मोजले, सरासरी २.६ सेकंद आली. सेकंदाला ७.७ ठोकळे, म्हणजे १७७ मिलिमीटर. त्याला ३४ ने भागले की ५.२ उंच्या होतात. तुमच्या रीतीने १.६ मीटर धरले तर सेकंदाला ८.३ मीटर. जपानी टीव्हीचे उत्तर ८.६ होते, आणि टेपने घेतलेल्या मापात एवढा फरक राहणारच.

म्हणजे सांगलीचा मारिओ हळू धावत नव्हता. फ्रेम ६० च्या ५० झाल्या, हा पाच-षष्ठांश, आणि त्याच टीव्हीने मारिओची उंचीही पाच-षष्ठांश केली. दोन्ही एकमेकांना कापतात. तो बुटका झाला आणि तितकाच संथ झाला, म्हणून स्वतःच्या उंचीच्या मानाने त्याची चाल तीच राहिली.

उडीचे मात्र तसे होत नाही, कारण उडीची उंचीही त्याच्या शरीराबरोबर दबते आणि वेळ तेवढा वाढतो. वर जायला ३२ फ्रेम, म्हणजे तिकडे ०.५३ सेकंद आणि इकडे ०.६४. त्वरणात वेळ दोनदा येतो, म्हणून पाच-षष्ठांशाचा वर्ग करावा लागतो आणि ०.६९ येतात. तुमचे २२.५ माझ्या टीव्हीवर १५.६ होतात आणि ७८.७५ चे साधारण ५४.७. आमच्याकडे मारिओ धावत होता तसाच, पण त्याच्या जगातले गुरुत्व तीस टक्क्यांनी कमी होते.

सेट दुकानात नेऊन ठेवला आहे. दुकान आता मुलगा पाहतो, पण रविवारी मी असतो. सुट्टी संपायच्या आत भाच्याला घेऊन या, टेप आणि घड्याळ इथे आहे. पुढचे मोजमाप त्याच्या हातून करू.